मागूर माशाचे प्रेरित प्रजनन : कोणते इंजेक्शन चांगले?

विज्ञान विभाग : इयत्ता ८ वी ते १० वीचे विद्यार्थी व पालक यांच्यासाठी



मेहदीपट्टणमहून विमानतळाकडे जाणाऱ्या पी. व्ही. नरसिंह राव उड्डाणमार्गावर राजेंद्रनगरजवळ माशाच्या आकाराची एक इमारत दिसते. लहान मुले गाडीच्या खिडकीतून ती पाहून हमखास ओरडतात. ते राष्ट्रीय मत्स्यविकास मंडळाचे मुख्यालय आहे. मंडळाची स्थापना २००६ साली झाली आणि ही इमारत २०१२ पासून उभी आहे. समुद्र आपल्या शहरापासून शेकडो किलोमीटर लांब. तरीही देशाच्या मत्स्यशेतीचे एक मोठे कार्यालय इथे आहे, कारण आज भारतात खाल्ल्या जाणाऱ्या माशांचा फार मोठा भाग समुद्रातून नव्हे, तर तळी, तलाव आणि धरणे यांतून येतो.

तळ्यात मासे वाढवायचे म्हणजे आधी त्यांचे बीज हवे. शेतकऱ्याला जसे बियाणे, तसे मत्स्यशेतकऱ्याला मत्स्यबीज. अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लांना आपल्या मराठीत ‘मत्स्यजिरे’ असा छान शब्द आहे, कारण ती खरोखर जिऱ्याएवढी दिसतात. ती बोटाएवढी झाली की ‘बोटुकली’. दरवर्षी मृग नक्षत्राच्या सुमारास नामपल्लीच्या मैदानावर मत्स्यप्रसादासाठी हजारो छोटे जिवंत मासे आणले जातात, ते आपण पाहतो. तेलुगूत त्यांना कोरमीनू म्हणतात, मराठीत मरळ. एवढे मासे एकाच दिवशी लागतात, तर ते कुठे जन्मले असतील, असा प्रश्न कधी पडला आहे का?

या पाठात आपण मरळ बाजूला ठेवून दुसऱ्या एका माशाकडे पाहणार आहोत. तो म्हणजे मागूर. त्याची बंदिस्त जागेत अंडी मिळवण्यासाठी कोणकोणती संप्रेरके (हॉर्मोन्स) वापरतात, आणि त्यांतले चांगले कोणते हे ठरवायचे कसे, हा आजचा विषय आहे. ज्यांच्या घरी मासे शिजत नाहीत त्या विद्यार्थ्यांनीही हा पाठ जरूर वाचावा. दोन औषधांची तुलना न्यायाने कशी करावी, हे सर्वांनाच उपयोगी पडणारे आहे.

मागूर कोण?

मागूर, शिंगी, शिवडा, पंगास हे मासे एका मोठ्या गटातले. तोंडाभोवती मांजरासारख्या मिशा आणि अंगावर खवले नाहीत, ही त्यांची ओळख. इंग्रजीत म्हणूनच त्यांना ‘कॅटफिश’ म्हणतात. मागुराला मिशांच्या चार जोड्या असतात. त्याच्या कल्ल्यांजवळ हवेतला प्राणवायू घेणारा एक जादा अवयव असतो. त्यामुळे पाण्यात प्राणवायू कमी झाला तरी तो तग धरतो, आणि पावसात ओल्या जमिनीवरून सरपटत एका डबक्यातून दुसऱ्यात जातो.

पूर्वी आपल्या देशी मागुराला शास्त्रज्ञ ‘क्लेरियस बॅट्राकस’ म्हणत. ते नाव खरे तर जावा बेटावरच्या माशाचे आहे असे पुढे लक्षात आले, म्हणून आता आपल्या माशाला ‘क्लेरियस मागूर’ म्हणतात. शास्त्राने आपले देशी नाव उचलले, ही आनंदाची गोष्ट! पण दुःखाची गोष्ट अशी की निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत हा मासा ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंदलेला आहे. पाणथळ जागा बुजल्या, भातखाचरांत कीटकनाशके आली, आणि मागूर कमी झाला.

त्याची जागा घेण्यासाठी एक परका मासा आला. बाजारात त्याला ‘थाई मागूर’ म्हणतात, पण मूळचा तो आफ्रिकेचा. तो झपाट्याने वाढतो, हाती लागेल ते खातो, आणि नदी-तलावात सुटला तर तिथल्या लहान माशांचा फडशा पाडतो. भारत सरकारने २००० साली त्याच्या पालनावर बंदी घातली. राष्ट्रीय हरित लवादानेही पुढे ही बंदी काटेकोर पाळण्यास सांगितले. तरीही चोरून पालन चालते. त्याचे एक कारण सरळ आहे : देशी मागुराचे बीज सहजी मिळत नाही. म्हणून मागुराची अंडी मिळवण्याची पद्धत हा केवळ प्रयोगशाळेचा विषय राहत नाही. ते बीज मिळाले नाही तर शेतकरी दुसरे बीज टाकतो.

तळ्यातला मासा अंडी का देत नाही?

मागूर साधारण एका वर्षात वयात येतो. त्या वेळी त्याचे वजन १०० ते १५० ग्रॅम असते. जूनपासून मादीचे पोट अंड्यांनी भरून येते. निसर्गात पाऊस पडतो, भातखाचरांत नवे पाणी चढते, पाणी थोडे गार होते, आणि नर-मादी उथळ पाण्यात खळगा करून अंडी घालतात. बंदिस्त टाकीत हे काहीच घडत नाही. अंडी तयार असतात, पण मादी ती सोडत नाही. हंगाम संपला की ती अंडी शरीरातच विरून जातात.

असे का होते, हे समजण्यासाठी आपल्या शाळेचेच उदाहरण घेऊ. शाळा सुटायची वेळ झाली की मुख्याध्यापक चिठ्ठी पाठवतात. चिठ्ठी मिळाली की शिपाईदादा घंटा वाजवतात. घंटा ऐकली की वर्गातली मुले बाहेर पडतात.

माशाच्या शरीरात मुख्याध्यापकांची खोली म्हणजे मेंदूचा ‘हायपोथॅलॅमस’ हा भाग. त्याची चिठ्ठी म्हणजे ‘जीएनआरएच’ नावाचे संप्रेरक. शिपाईदादा म्हणजे मेंदूखालची वाटाण्याहून लहान ‘पीयूषिका’ ग्रंथी. घंटा म्हणजे तिने रक्तात सोडलेले जननग्रंथींना जागे करणारे संप्रेरक. आणि वर्ग म्हणजे अंडाशय. घंटा ऐकली की अंडी शेवटची पक्व होतात आणि सुटी होतात.

यात आणखी एक पात्र आहे. शिपाईदादांचा हात धरून ‘थांबा, अजून वेळ झाली नाही’ म्हणणारे. त्याचे नाव ‘डोपामिन’. अनेक माशांत डोपामिन हे पीयूषिकेवर ब्रेकसारखे काम करते. निसर्गात पाऊस आला की हा ब्रेक सैल होतो. टाकीत पाऊस नाही, म्हणून चिठ्ठी येत नाही आणि ब्रेकही सुटत नाही.

आता लक्षात घ्या, बाहेरून मदत करायचे मार्ग दोनच : थेट घंटा वाजवणे, किंवा चिठ्ठी पाठवून ब्रेक सोडणे. सगळी इंजेक्शने या दोहोंपैकी एकात बसतात.

थोडा इतिहास

१९३० च्या सुमारास अर्जेंटिनात हुसे या शास्त्रज्ञाने माशाच्या पीयूषिकेचा अर्क दुसऱ्या माशाला टोचून पाहिला. त्याच दशकात ब्राझीलमध्ये ही युक्ती मत्स्यशेतीसाठी वापरली जाऊ लागली. भारतात १९५६ साली एल. एस. रामस्वामी आणि बी. आय. सुंदरराज यांनी शिंगी माशात अशा इंजेक्शनाने अंडी मिळवल्याचे प्रसिद्ध केले, आणि पाठोपाठ मागुरातही. म्हणजे मिशावाल्या माशांनी या बाबतीत रोहू-कटल्याच्या आधी नंबर लावला होता!

पण देशभर नाव झाले ते दुसऱ्या घटनेचे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलीकुन्ही यांनी पीयूषिकेच्या अर्काने भारतीय कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले. त्यापूर्वी रोहू-कटल्याचे बीज पुरात नदीतून जाळ्याने गोळा करावे लागे, आणि त्यात नको असलेले मासेही मिसळलेले असत. त्या दिवसाची आठवण म्हणून १० जुलै हा ‘राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन’ पाळला जातो.

पहिला उपाय : पीयूषिकेचा अर्क

बाजारात कापलेल्या वयात आलेल्या कार्प माशाच्या डोक्यातून ही ग्रंथी काढतात, शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवतात, आणि लागेल तेव्हा मिठाच्या पाण्यात कुटून तिचा अर्क टोचतात. ही थेट घंटा वाजवण्याची रीत.

गुण : सर्वांत जुनी, खात्रीची, कारखान्यावर अवलंबून नसलेली.

दोष : एका माशाच्या ग्रंथीत किती संप्रेरक आहे हे कुटणाऱ्याला कळत नाही. मासा वयात आलेला होता का, कोणत्या महिन्यात मारला, ग्रंथी किती दिवस ठेवली, या सर्वांवर ते अवलंबून. कार्प मादीला किलोमागे दोन हप्त्यांत मिळून साधारण १० मिलिग्रॅम ग्रंथी पुरते. मागुराला मात्र किलोमागे ३० मिलिग्रॅम किंवा जास्त लागते. म्हणजे ग्रंथीही जास्त, आणि दात्या माशांची संख्याही जास्त.

दुसरा उपाय : एचसीजी

‘ह्यूमन कोरिऑनिक गोनॅडोट्रॉपिन’ हे संप्रेरक गर्भवती स्त्रियांच्या मूत्रातून मिळवतात. गर्भधारणेची घरगुती चाचणी ज्या संप्रेरकावर चालते, तेच हे. माणसाचे असूनही ते अनेक माशांच्या अंडाशयाला घंटेसारखे ऐकू येते. मिशावाल्या माशांना ते विशेष लागू पडते, म्हणून पंगास आणि आफ्रिकन मागूर यांच्यासाठी जगभर ते वापरले गेले आहे.

गुण : मोजून मिळते. कुपीवर आंतरराष्ट्रीय एकके छापलेली असतात, त्यामुळे आज दिले तेवढेच उद्या देता येते.

दोष : माशाला किलोमागे हजारो एकके लागतात. पावडर थंड जागी ठेवावी लागते आणि विरघळवल्यावर लवकर वापरावी लागते. शिवाय हे मोठे, परके प्रथिन. तेच तेच प्रजनक मासे पुन्हा पुन्हा टोचले तर त्यांच्या शरीरात प्रतिकारके तयार होऊन परिणाम कमी होऊ शकतो.

तिसरा उपाय : कृत्रिम चिठ्ठी आणि ब्रेक सोडणारे औषध

मेंदूतली चिठ्ठी ही फक्त १० अमिनो आम्लांची साखळी आहे. मेंदूतील अशा संप्रेरकांवरील कामासाठी गिलमन आणि शॅली यांना १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९८३ साली सॅमन माशातल्या चिठ्ठीची रचना समजली. नैसर्गिक चिठ्ठी रक्तात काही मिनिटांतच तुटते. रसायनशास्त्रज्ञांनी साखळीतले एक-दोन दुवे बदलून जास्त टिकणारी आणि जास्त जोरकस प्रतिकृती तयार केली.

पण नुसती चिठ्ठी पुरेशी पडेना, कारण डोपामिनचा ब्रेक कायम होता. चीनचे लिन आणि कॅनडाचे पीटर या दोघांनी चिठ्ठीच्या जोडीला ब्रेक सोडणारे औषध द्यायची रीत बसवली. दोघांच्या नावांवरून तिला ‘लिन्पे पद्धत’ म्हणतात. याच तत्त्वावर कॅनडात ‘ओव्हाप्रिम’ तयार झाले. त्याच्या एका मिलिलिटरमध्ये सॅमन-चिठ्ठीची प्रतिकृती २० मायक्रोग्रॅम आणि डोम्पेरिडोन १० मिलिग्रॅम असते. पालकांना डोम्पेरिडोन हे नाव ओळखीचे वाटेल. उलटी-मळमळ थांबवण्यासाठी डॉक्टर देतात तेच हे औषध.

पुढे मुंबईच्या कंपन्यांनीही अशीच औषधे काढली. हेम्मो फार्माचे ‘ओव्हाटाइड’ आणि वॉकहार्टच्या नावाने आलेले ‘वोव्हा-एफएच’ ही त्यांतली प्रसिद्ध नावे. ओव्हाप्रिम घट्ट असते, सुईतून हळू उतरते. देशी औषधे पातळ असल्याने टोचायला सोपी पडली आणि परदेशी मालाची वाट पाहावी लागेना.

गुण : एकच इंजेक्शन पुरते, प्रत्येक बाटलीत प्रमाण तेच, आणि फ्रिज नसलेल्या खेड्यातही बाटली टिकते. माशाची स्वतःचीच पीयूषिका कामाला लागते.

दोष : किंमत. आणि पीयूषिकेत साठाच नसेल, मासा अशक्त असेल, तर चिठ्ठी पोचूनही घंटा वाजत नाही.

जरा गणित करू

देशी मागुराच्या मादीला या तयार औषधांची मात्रा किलोमागे साधारण १ ते १.५ मिलिलिटर सांगितली जाते. कार्पला याच्या निम्मी किंवा त्याहून कमी पुरते. समजा मादी १५० ग्रॅमची आहे आणि मात्रा किलोमागे १ मिलिलिटर ठरवली.

औषध = ०.१५ × १ = ०.१५ मिलिलिटर.
त्यातील चिठ्ठीची प्रतिकृती = ०.१५ × २० = ३ मायक्रोग्रॅम.
त्यातील डोम्पेरिडोन = ०.१५ × १० = १.५ मिलिग्रॅम.
हेच काम पीयूषिकेने करायचे तर ०.१५ × ३० = ४.५ मिलिग्रॅम ग्रंथी लागेल.

३ मायक्रोग्रॅम कुठे आणि ४.५ मिलिग्रॅम कुठे! दोहोंत दीड हजार पटीचा फरक आहे. ग्रंथीचा बहुतेक भाग संप्रेरक नसतोच, हे यावरून समजते.

एवढे थोडे औषध मोजायला इन्सुलिनची सिरिंज वापरतात. इथे एक धोका आहे. लाल टोपणाच्या सिरिंजवर १ मिलिलिटरचे ४० भाग असतात, केशरी टोपणाच्या सिरिंजवर १००. म्हणून ०.१५ मिलिलिटर म्हणजे लाल सिरिंजवर ६ रेघा आणि केशरीवर १५ रेघा. कोणी लाल सिरिंजवर १५ रेघा भरल्या, तर मादीला अडीच पट औषध जाईल. ज्यांच्या घरी आजी-आजोबा इन्सुलिन घेतात, त्यांनी हा फरक आजच बघून ठेवावा. माणसाच्या बाबतीत तर तो जिवाशी गाठ घालणारा आहे.

इंजेक्शन दिल्यावर काय?

मागुराची मादी इंजेक्शनानंतर साधारण १६ ते १७ तासांनी अंडी सोडण्यास तयार होते. मग तिच्या पोटावरून हलकेच हात फिरवून कोरड्या भांड्यात अंडी काढून घेतात. मादी जिवंत राहते आणि पुढच्या हंगामात पुन्हा उपयोगी पडते.

नराचे मात्र तसे नाही. रोहूच्या किंवा पंगासच्या नराचे पोट दाबले की दुधासारखा शुक्ररस बाहेर येतो. मागुराच्या नराचा येत नाही. म्हणून नराला मारून त्याचे वृषण काढतात, मिठाच्या ०.९ टक्के द्रावणात कुस्करतात, आणि तो रस अंड्यांवर ओतून मिसळतात. फलित अंडी चिकट आणि पारदर्शक असतात. फलित न झालेली पांढरी पडतात. २७ ते २९ अंश तापमानात सुमारे एका दिवसात पिल्ले बाहेर येतात. तीन-चार दिवस ती पोटाला चिकटलेल्या बलकावर जगतात. नंतर त्यांना सूक्ष्म जिवंत खाद्य लागते, आणि सर्वांत जास्त पिल्ले मरतात ती याच टप्प्यात.

वेळेचे महत्त्व ध्यानात ठेवा. लवकर दाबले तर अंडी निघत नाहीत किंवा कच्ची निघतात. उशीर केला तर ती पोटातच जास्त पिकतात आणि फलित होत नाहीत. हा वेळ पाण्याच्या तापमानावरही ठरतो. आफ्रिकन मागुरात २० अंशांना सुमारे २० तास लागतात, तर ३० अंशांना सातच्या आसपास. म्हणजे औषध एकच, पण पाणी गार असेल तर घड्याळ वेगळे.

न्यायाने तुलना कशी करावी?

आता मुख्य प्रश्न. समजा ‘क’ आणि ‘ख’ अशी दोन औषधे आहेत. प्रत्येकी १० माद्यांना दिली. पुढील आकडे केवळ सरावासाठी घेतले आहेत.

‘क’ : ९ माद्यांनी अंडी दिली. १००० अंड्यांपैकी ६०० फलित झाली. त्यांतून ४८० पिल्ले निघाली. १५ दिवसांनी १२० जगली.

‘ख’ : ७ माद्यांनी अंडी दिली. १००० अंड्यांपैकी ८०० फलित झाली. त्यांतून ६४० पिल्ले निघाली. १५ दिवसांनी ३२० जगली.

फक्त पहिला आकडा पाहणारा दुकानदार म्हणेल, ‘क’ चांगले, दहापैकी नऊ! पण प्रत्येक मादीने १००० अंडी दिली असे धरून शेवटपर्यंत हिशेब केला, तर ‘क’ मधून ९ × १२० = १०८० पिल्ले मिळतात आणि ‘ख’ मधून ७ × ३२० = २२४०. निकाल उलटला.

पण थांबा. ‘ख’ चा विजयही लगेच मान्य करू नका. पिल्ले निघाल्यानंतर ती जगतात ती खाद्यावर आणि टाकीच्या स्वच्छतेवर. ‘क’ ची पिल्ले अस्वच्छ टाकीत होती का, हे विचारल्याशिवाय दोष औषधाला देता येणार नाही. म्हणून न्याय्य तुलनेत पुढील गोष्टी सारख्या ठेवाव्या लागतात :

१. माद्यांचे वय, वजन आणि पक्वता.
२. दोन्ही गटांचे पाणी, तापमान आणि दिवस.
३. इंजेक्शनापासून अंडी काढेपर्यंतचा योग्य वेळ, प्रत्येक औषधासाठी स्वतंत्रपणे तपासलेला.
४. दोन्ही गटांच्या अंड्यांसाठी एकाच नराचा किंवा एकत्र केलेल्या नरांचा रस.
५. सारख्या टाक्या, सारखे खाद्य.
६. एक तिसरा गट, ज्याला फक्त मिठाचे पाणी टोचले आहे. त्या माद्यांनीही अंडी दिली, तर श्रेय औषधाचे नाही!

आणि कुठल्या माशाला काय द्यायचे, हे नाणेफेकीने ठरवावे. नाहीतर माणूस नकळत धष्टपुष्ट मादी आपल्या आवडत्या औषधाच्या वाट्याला देतो.

मग उत्तर काय?

मागुरावर आपल्या देशात अशा अनेक चाचण्या झाल्या आहेत. भुवनेश्वरजवळच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने देशी मागुराच्या बीजनिर्मितीची पद्धत बसवून शेतकऱ्यांपर्यंत नेली. मुंबईची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था १९६१ पासून या विषयातले तज्ज्ञ घडवते आहे. एकूण अनुभव असा की तयार कृत्रिम औषधांनी पीयूषिकेच्या अर्काएवढा किंवा त्याहून चांगला आणि मुख्य म्हणजे एकसारखा निकाल मिळतो. ओव्हाप्रिम, ओव्हाटाइड आणि वोव्हा-एफएच यांच्यातला फरक मात्र लहान आहे. मात्रा आणि वेळ बरोबर असली तर तिन्ही चालतात, चुकली तर तिन्ही फसतात. मात्रा वाढवून जास्त अंडी मिळतील हाही गैरसमज आहे. ठरावीक मर्यादेपुढे अंड्यांची प्रत उलट घसरते.

म्हणून अनुभवी मत्स्यशेतकरी बाटलीचे नाव विचारण्याआधी मादी हातात घेतो. पोट मऊ आणि गोल आहे का? जननद्वार लालसर फुगलेले आहे का? अंडी एकसारख्या आकाराची आहेत का? हंगामाआधी तीन-चार महिने तिला चांगले खाद्य मिळाले होते का? घंटा वर्ग सोडवते, वर्ग भरवत नाही. वर्गात मुलेच नसतील तर ती कितीही जोरात वाजवा, बाहेर कोण येणार?

पालकांच्या मनातील एक शंका : असा मासा खाल्ला तर संप्रेरक आपल्या पोटात जाते का? इंजेक्शन फक्त आई-बाप माशांना, तेही अंडी देण्यापुरते देतात. बाजारात येतो तो त्यांच्या पिल्लांचा, अनेक महिने साध्या खाद्यावर वाढलेला मासा. त्याला हे इंजेक्शन दिलेलेच नसते. टोचलेले प्रजनक मासे मात्र लगेच विकू नयेत, ही शिस्त हॅचरीने पाळलीच पाहिजे.

ज्याचे उत्तर औषधाने मिळत नाही

तुलनेचा एक रकाना बहुतेक तक्त्यांत नसतो. तो म्हणजे किती मासे मारावे लागले. पीयूषिकेसाठी दाते मासे लागतात, कृत्रिम औषधाने ती गरज संपवली. पण मागुराच्या नराला मारावे लागते ते कोणतेही औषध वापरले तरी. जो मासा संकटग्रस्त आहे, त्याला वाचवण्यासाठी त्याचेच नर मारायचे, हे मनाला टोचणारे आहे. आफ्रिकन मागुरावर वृषणाचा थोडाच भाग शस्त्रक्रियेने काढून जखम शिवण्याचे प्रयोग झाले आहेत. अनेक माशांच्या बाबतीत शुक्ररस गोठवून साठवण्यावरही काम चालते. देशी मागुरासाठी सोपी, स्वस्त आणि नर जिवंत ठेवणारी पद्धत खेड्यातल्या हॅचरीपर्यंत पोचवणे हे काम अजून कोणाची तरी वाट पाहत आहे. ते आपल्या वर्गातल्या एखाद्या विद्यार्थ्याने किंवा विद्यार्थिनीने का करू नये?

देशी मागुराचे मत्स्यजिरे वेळेवर आणि परवडेल त्या दरात मिळाले, तर शेतकऱ्याला बंदी असलेल्या माशाकडे वळण्याचे कारण उरणार नाही. आणि एक मासा टिकला, तर त्याच्याबरोबर त्याची डबकी, भातखाचरे आणि आपल्या बोलीतले त्याचे नावही टिकेल.

स्वाध्याय

१. थोडक्यात उत्तरे लिहा.
अ) पीयूषिकेचा अर्क आणि ओव्हाप्रिम यांच्या कामात मूलभूत फरक कोणता?
आ) डोम्पेरिडोनशिवाय नुसती ‘चिठ्ठी’ का पुरत नाही?
इ) ‘थाई मागूर’ हे नाव दिशाभूल करणारे का आहे?

२. उदाहरण सोडवा. १२० ग्रॅमच्या मादीला किलोमागे १.५ मिलिलिटर मात्रा द्यायची आहे. किती मिलिलिटर औषध लागेल? लाल टोपणाच्या सिरिंजवर किती रेघा? केशरीवर किती?

३. विचार करा. वरील ‘क’ आणि ‘ख’ च्या चाचणीत मिठाच्या पाण्याच्या गटातील १० पैकी ५ माद्यांनी अंडी दिली असती, तर आपले मत कसे बदलले असते?

४. उपक्रम. रविवारी रामनगरच्या मासळी बाजारात पालकांबरोबर जा. मिशा असलेले किती प्रकारचे मासे दिसतात ते पाहा. प्रत्येकाचे मराठी, तेलुगू आणि दखनी नाव विचारून वहीत लिहा. विक्रेत्याला हे मासे कुठून आले तेही विचारा.

पालकांना विनंती : घरातील मोठ्या माणसांनी आपल्या मूळ गावच्या ओढ्या-नाल्यात कोणते मासे पाहिले होते, हे मुलांना सांगावे आणि त्यांच्याकडून लिहून घ्यावे.

विश्वस्त मंडळींना विनंती : परवानगी मिळाल्यास १० जुलैच्या सुमारास नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांची एखाद्या मत्स्यबीज केंद्राला भेट आयोजित करावी. काचेच्या पेल्यात फिरणारे मत्स्यजिरे डोळ्यांनी पाहिले की या पाठातील निम्मी पाने वाचायची गरज उरणार नाही.

(उत्तर २ : ०.१८ मिलिलिटर. लाल सिरिंजवर ७ रेघांपेक्षा किंचित जास्त, केशरीवर १८ रेघा.)